काचेवर काही नको

शैला वालावलकर गेली त्याला आता पाच आठवडे होतील. फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून भाजीवालीशी वाद घालत होतो. फोनवर तिची भाची मेधा. "राणे काका, मावशी गेली हो... सकाळी झोपेतच." मी म्हणालो, "कोणती मावशी?" बघा माझी अक्कल! मेधाला मावशी एकच, आणि मेधा माझ्याशी दुसऱ्या कुठल्या मावशीबद्दल कशाला बोलेल? पण डोकं काही काही वेळा ऐकायलाच नकार देतं. मग मला राग आला. कोणाचा, ते आजही सांगता येणार नाही. शैलाचा आला असावा, कारण पुढच्या मंगळवारी मी तिच्याकडे जाणार होतो आणि तिने तेवढीही कळ काढली नाही. जुडी परत ठेवली. भाजीवाली म्हणाली, "काय झालं ओ काका? घ्या, कमी लावते." तसाच रिक्षा बघायला लागलो. मुलुंडहून चारकोपला पोहोचेपर्यंत काय विचार केला ते आठवत नाही, फक्त मागच्या सीटवर एकटाच पुटपुटत होतो एवढं रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखी राहून जाईल. आमच्या रस्ते खात्यात शैलाला तिच्यामागे सगळे 'हारवाली बाई' म्हणत. टोलनाक्यावरच्या यंत्रांची चाचणी होती, बाईंनी गाड्यांना दसऱ्याचे झेंडूचे हार घातले आणि चाचणी बोंबलली, अशी ती कथा. नव्या लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात चहाबरोबर ती ऐकवली जायची. तर ते हार शैलाने घातले नव्हते. मी घातले होते. हे मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, आणि भाड्याच्या गाड्यांच्या काही ड्रायव्हरांना ठाऊक होतं, जे दोन दिवसांत आपापल्या वाटेने पांगले. ती जिवंत असेपर्यंत चारचौघांत हे बोलायची हिंमत मला झाली नाही. आता बोलतोय म्हणजे वरातीमागून घोडं, कबूल आहे. पण घोडं तरी येऊ दे.

आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो. मी विजेचा इंजिनियर, ती वाहतुकीची. तिचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी लालबागची खोली सोडली आणि चारकोपच्या सेक्टरमध्ये बिऱ्हाड हलवलं. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. शैला एरवी मुंबईचं धडाधड मराठी बोलायची, पण डोकं फिरलं की मालवणी बाहेर पडायची. "मेल्या, गप रव!" हे मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की ते माझं दुसरं नावच म्हणा. लग्न केलं नाही. आईला शेवटपर्यंत सांभाळलं. देवधर्माशी तिचं भांडण नव्हतं, ओळखच नव्हती. देव्हारा आईच्या खोलीत. शैलाच्या खोलीत भिंतीला एक कॅलेंडर आणि रस्त्यांचे नकाशे. ऑफिसात सत्यनारायण असला की प्रसाद मात्र दोनदा घ्यायची. "शिरा कोणी वाईट केला म्हणून सोडायचा?" असं वर. या बाईच्या नावावर हारांची गोष्ट चिकटावी!

टोल हाताने न घेता यंत्राने घ्यायचा, पण कुठलं यंत्र, हे ठरवायचं काम खात्याने एका समितीला दिलं त्याला आता पंधराएक वर्षं झाली असतील. तेव्हा नाक्यानाक्यावर रांगा लागायच्या आणि लोक शिव्या घालायचे. समितीत सगळे पुरुष, त्यात एक शैला. बाकीचे परदेशातल्या कंपन्यांची चकचकीत पुस्तकं चाळत बसायचे. ही काय करायची? नाक्यावर जाऊन उभी राहायची आणि गाड्यांच्या काचा बघायची. खरंच सांगतो, कित्येक दिवस सकाळी डबा घेऊन जायची आणि वहीत काचा काढायची. कुठल्या ट्रकच्या काचेवर वरती चंदेरी पट्टी, कुठे देवाचं मोठं स्टिकर, कुठे लिंबू-मिरची, कुठे आरशाला पोरीचा पहिला बूट. मी विचारलं, "अगं, तुला यंत्र निवडायचंय की गाड्यांची चित्रं काढायचीत?" ती म्हणाली, "यंत्र कुठेही चांगलंच चालतं रे. आपल्याकडच्या काचेवर चालतं का ते बघते." पुढे एकदा तिने मला एका ट्रकात चढवलं आणि ठाण्याकडून भिवंडीपर्यंत नेलं, ड्रायव्हर काय काय कुठे ठेवतो ते बघायला. माझी कंबर मोडली. ती मात्र उतरताना त्या ड्रायव्हरच्या बायकोची तब्येत विचारत होती.

मामला असा होता. एक कंपनी म्हणत होती, गाडीत सेलवर चालणारी एक पेटी ठेवा, ती नाक्याशी बोलेल. दुसरी म्हणत होती, कॅमेरा लावा, तो नंबरप्लेट वाचेल. तिसरी म्हणत होती, काचेला आतून एक कागदाएवढी पातळ चिठ्ठी चिकटवा. तिला सेल नाही, काही नाही, नाक्यावरचा अँटेना वरून लहरी सोडतो आणि त्याच जोरावर ती आपला नंबर परत सांगते. हाच तो टॅग, आज तुमच्याआमच्या सगळ्यांच्या गाडीला असतो तसा. कॅमेऱ्याचं शैलाने पहिल्याच बैठकीत तोंड बंद केलं. आमच्या लोकांच्या नंबरप्लेटी तिने वहीत जशाच्या तशा काढून नेल्या होत्या... आकडे वळवून 'दादा' केलेले, अर्धे चिखलाने भरलेले, एकावर तर झेंडाच रंगवलेला. "हे माणसाला वाचता येत नाही, कॅमेऱ्याला काय डोंबल वाचता येणार?" हे तिने अध्यक्षांना विचारलं. राहिली पेटी आणि चिठ्ठी. बहुतेकांचा कल पेटीकडे, कारण पेटी भारी दिसायची, दिवा लुकलुकायचा. शैला चिठ्ठीच्या बाजूने. तिचं म्हणणं सरळ होतं. पेटी महाग, ती गरीब टेम्पोवाल्याच्या गळ्यात कोणी मारायची? सेल संपला तर कोण बदलणार? आणि पेटी चोरीला जाते, चिकटवलेली चिठ्ठी काढली की फाटते, तिला कोण चोरणार? वाद मिटेना, म्हणून ठरलं, एका लेनमध्ये दोन्ही लावा आणि सगळ्यांसमोर चाचणी घ्या. चाचणीची प्रमुख शैला. गाड्या आणि अँटेनाची मांडणी माझ्याकडे.

तारीख ठरली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. कोणाच्याच ते लक्षात आलं नाही, सुट्टीनंतर सगळे मोकळे असतील एवढाच हिशेब. शैलाने मात्र मला लेखी सूचना दिली होती. पहिलंच वाक्य, काचेवर काही नको. चिठ्ठी काचेच्या वरच्या बाजूला, आरशामागे लावलेली होती, तिच्यासमोर काही येता कामा नये. मी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. दसऱ्याच्या दिवशी यार्डात गाड्या उभ्या. ड्रायव्हर म्हणाले, "साहेब, पूजा करायची ना?" आता दसऱ्याला गाडीची पूजा नको कसं म्हणणार? आमच्या घरात साधा स्क्रूड्रायव्हरसुद्धा पाटावर ठेवून त्याला हळद-कुंकू लावतात. नारळ फोडला, पेढे वाटले. ट्रकवाल्यांनी त्यांच्या पद्धतीने हार बांधायला काढले, एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंत, काचेच्या वरच्या अंगाला, चांगले मनगटाएवढे जाड. मला सूचना आठवली. नाही आठवली असं म्हणायला आता जागा नाही. मी मनात म्हणालो, फुलांनी काय होतंय? आणि पहिला हार मी स्वतःच्या हाताने बांधला. इतकंच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे साहेब येणार, फोटो निघणार, म्हणून सुकत चाललेल्या त्या हारांवर मी बादलीतून पाणी शिंपडलं. छान टवटवीत दिसायला लागले.

रेडिओच्या लहरी पाणी पिऊन टाकतं, हे विजेच्या इंजिनियरला वेगळं शिकवायला लागत नाही. ओल्या झेंडूचा जाड थर आणि त्यामागे बिचारी ती चिठ्ठी... झालं. गाड्या लेनमधून जायला लागल्या. खाली डॅशबोर्डवर ठेवलेल्या पेट्या टुकटुक करत उत्तरं देत होत्या, चिठ्ठी एकदा बोलली की तीनदा गप्प. शैला केबिनमध्ये पडद्यासमोर बसलेली, तिला फक्त आकडे दिसत होते, गाड्या दिसत नव्हत्या. मजा म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या वीस-पंचवीस शहाण्या माणसांतल्या एकालाही हार दिसले नाहीत. दिसले, पण खटकले नाहीत. आपल्याकडे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बिनहाराची गाडी आली असती तर लोकांनी वळून बघितलं असतं. दोन फेऱ्या झाल्या आणि शैला केबिनचं दार उघडून बाहेर आली. तिने एक नजर पहिल्या ट्रकवर टाकली आणि अक्षरशः धावली. चाकावर पाय देऊन वर चढली आणि हार ओढून काढायला लागली, एक, दोन, तीन. खात्याच्या फोटोग्राफरला काय, चांगलं दृश्य मिळालं. दोन्ही हातांत झेंडूचे हार घेतलेली वालावलकर बाई ट्रकशेजारी उभी, असा तो फोटो. पुढे कित्येक महिने तो ऑफिसातल्या बोर्डावर होता. हारवाली बाई हे नाव त्या फोटोतून आलं.

अध्यक्षांनी विचारलं, "हार कोणी घातले?" मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. माझी पाचावर धारण बसली. माझ्या बढतीची फाईल तेव्हा त्यांच्याच टेबलावर होती, हे सांगितलं की सगळं सांगितलं. शैलाने माझ्याकडे एकदाच बघितलं. मी खाली बघितलं. मग ती म्हणाली, "चाचणी माझी आहे साहेब. गाड्या तपासून सोडायला हव्या होत्या. चूक माझी." 'हार मी घातले' असं ती म्हणाली नाही, नीट लक्षात घ्या. पण ऐकणाऱ्यांना तेवढं पुरलं. अध्यक्ष हसून म्हणाले, "वालावलकर बाई, देव घरी ठेवून यायचे हो!" सगळे हसले. ती शांतपणे म्हणाली, हार काढून परत फेरी घ्या. अध्यक्ष म्हणाले, खऱ्या रस्त्यावरही हार असणारच, तेव्हा तुमची चिठ्ठी काय करणार? ती म्हणाली, "वर्षातला एक दिवस, साहेब. त्या दिवशी नाक्यावर माणूस उभा करू. बाकीच्या दिवसांचं बघा." त्या दिवशी काही परत फेरी झाली नाही. साहेबांचं जेवण थांबलं होतं.

संध्याकाळी मी चारकोपला तिच्या घरी गेलो. आईने दार उघडलं, चहा ठेवला. मी म्हणालो, "शैला, मी उद्या जाऊन सांगतो." ती नकाशांची गुंडाळी करत होती. म्हणाली, "उद्या नको. आत्ता तू बोललास तर म्हणतील यांचा सगळा कारभारच ढिला, चिठ्ठीच रद्द करा. एक बाई चुकली म्हटलं की त्यांना लगेच पटतं, मग ते पुन्हा चाचणी घेतील." ती पुढे म्हणाली, "अहवाल निघू दे. निघाला की सांग." बस्स, एवढंच. तिने मला माफ केलं नव्हतं, सोडलं नव्हतं, फक्त मुदत दिली होती. आणि मी जिना उतरताना काय विचार करत होतो? की सुटलो बुवा! आज हे लिहिताना स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

तिचं म्हणणं खरं ठरलं. महिन्याभरात पुन्हा चाचणी झाली, प्रमुख दुसरा कोणी, काचा स्वच्छ. चिठ्ठी झकास चालली. समितीने चिठ्ठीच्या बाजूने अहवाल दिला. पुढे सगळ्या देशातच टॅग आले, ते काही आमच्या अहवालामुळे आले अशी फुशारकी मी मारणार नाही. पण आमच्यापुरतं बोलायचं तर ती लढाई शैलाने जिंकून दिली होती. अहवालावर तिचं नाव नव्हतं. तिला समितीतून काढून रस्त्यांवरचे पट्टे आणि रिफ्लेक्टर बघायला बसवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. चोराला बढती मिळाली. अहवाल निघाला त्या आठवड्यात मी रोज ठरवायचो, आज सांगतो. सोमवारी अध्यक्ष दिल्लीला. बुधवारी माझ्या मुलाची परीक्षा. मग नवं वर्ष आलं, मग होळी, मग कोणी काही विचारतच नव्हतं. न विचारलेली गोष्ट न सांगणं फार सोपं असतं हो. तिने एकदाच आठवण करून दिली. ऑफिसची सहल मनोरीला गेली होती, मार्वेहून बोटीत बसलो होतो, बाकीचे गाणी म्हणत होते. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "राण्या, तू सांगणार होतास." मी म्हणालो, "हो गं, सांगतो." तिने मान हलवली आणि पिशवीतून चिवडा काढून मला दिला.

तिच्या निवृत्तीचा समारंभ तर मला आठवूच नये असं वाटतं. भाषणात एका साहेबांनी तीच गोष्ट रंगवून सांगितली, वर आम्ही बाईंसाठी खास झेंडूचाच हार आणलाय म्हणाले, आणि हॉल खो खो हसला. मी पहिल्या रांगेत होतो. मीही हसलो. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं, पण मी हसलो! शैलाने हार गळ्यात पडू दिला, लगेच काढून टेबलावर ठेवला आणि भाषण केलं ते रस्त्याच्या पट्ट्यांना कुठला रंग टिकतो त्याबद्दल. कोणी फारसं ऐकत नव्हतं. उत्तम भाषण होतं ते.

शेवटची भेट ती जायच्या तीन आठवडे आधीची. हृदय थकलं होतं तिचं, जिना चढायला बंदी. मी मुलाची नवी गाडी घेऊन गेलो होतो. तिने खिडकीतून बघितलं आणि नको नको म्हणत असताना खाली आली, एकेक पायरी थांबत. गाडीत बसली आणि काचेकडे बघून म्हणाली, "टॅग कोणी लावला रे हा? वाकडा. आणि सनफिल्मवर लावलाय, गाढवा!" मी हसलो आणि मग काय झालं कोण जाणे, रडायलाच लागलो. साठी उलटलेला माणूस, मुलाच्या गाडीत, भर दुपारी. म्हणालो, "शैला, मला माफ कर." तिला धाप लागली होती. मग म्हणाली, "माझ्याकडे काय माफी मागतोस? मला ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात जुन्या लोकांची भेट ठरलीय, तिथे सांगतो, आणि त्याआधीच्या मंगळवारी तुझ्याकडे येतो, तूही चल. ती म्हणाली, "बघू." तो मंगळवार आलाच नाही.

शोकसभा कांदिवलीच्या एका हॉलमध्ये झाली. खात्यातले जुने बरेच आले होते. तिसऱ्या की चौथ्या वक्त्याने हारांची गोष्ट काढलीच. प्रेमाने काढली, डोळे पुसत काढली, पण काढली. मी उठलो. माझं नाव यादीत नव्हतं. माईक हातात घेतला आणि सगळं सांगितलं, सूचना, बादली, बढती, सगळं. एकही शब्द गाळला नाही. खाली उतरलो. मग मागच्या बाजूने कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. सूत्रसंचालक म्हणाला, "राणे साहेबांचं मन बघा! बाईंवरचा डाग पुसायला आज त्यांनी तो स्वतःवर घेतला." चहाच्या वेळी एकाने मला मिठी मारली. मी ओरडून सांगत होतो की अरे बाबांनो, खरंच मी घातले होते! ते माझा हात दाबून म्हणत होते, कळतं आम्हाला, कळतं. म्हणजे जे तिने केलं त्याचं कौतुक माझ्या पदरात पडलं, आणि हारवाली बाई हारवालीच राहिली. देवा रे, हसावं की डोकं आपटावं! शैला तिथे असती तर कोपऱ्यात बसून खुदकन हसली असती आणि घरी जाताना मला चांगली सोलून काढली असती.

गेल्या रविवारी मेधाने चारकोपला बोलावलं, कागद कुठले ठेवायचे आणि कुठले रद्दीत द्यायचे ते सांगायला. शैलाच्या खोलीत ती गेल्यापासून मी प्रथमच गेलो. नकाशे, खिडकीखालचं टेबल, टेबलावर पट्टी आणि टोक केलेल्या चार पेन्सिली. मेधा म्हणाली, "काका, हे बघा ना, यावर तुमचं नाव आहे." टेबलाच्या खणातल्या एका फायलीत एकच कागद होता. अक्षर शैलाचं. माझं सरकारी मराठी भयंकर, त्यामुळे नोकरीभर माझ्या टिपण्यांचा मसुदा तीच करून द्यायची आणि मी खाली सही ठोकायचो. तसाच हा मसुदा. कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख, अहवाल निघाला त्याच आठवड्यातली. "मी, खाली सही करणार वसंत राणे, असे निवेदन करतो की चाचणीच्या वेळी वाहनांच्या काचेवर असलेले हार मी अनवधानाने लावले होते. काचेवर काहीही लावू नये अशी लेखी सूचना श्रीमती वालावलकर यांनी मला आधीच दिली होती. हार लावल्याची त्यांना कल्पना नव्हती. याबद्दल मी दिलगीर आहे." खाली सहीसाठी जागा मोकळी सोडलेली.

म्हणजे त्या आठवड्यात मी सबबी शोधत होतो तेव्हा ही माझ्यासाठी मसुदा करून वाट बघत होती... मी येईन, म्हणेन, शैला, जरा लिहून दे गं, मला जमत नाही. मी गेलोच नाही. आणि तिने तो कधी माझ्यापुढे सरकवला नाही. सरकवला असता तर मी सही केली असती का, हे मला आज छातीठोकपणे सांगता येत नाही. तिला येत असावं. मेधाने विचारलं, पाणी देऊ का काका? मी नको म्हणालो. या कागदाची एक प्रत खात्यात देणार आहे, ते घेवोत न घेवोत. दुसरी या लेखाबरोबर वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवतोय, म्हणजे आता तरी कोणी टाळ्या वाजवू नयेत. मी तिच्या खुर्चीत बसलो, खिशातून पेन काढलं, मजकूर पुन्हा एकदा वाचला. सगळं बरोबर होतं, एक शब्द सोडून. सूचना मी वाचली होती, घडी घालून खिशात ठेवली होती; आणि हे तिच्याइतकं चांगलं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिने माझ्यासाठी 'अनवधानाने' लिहिलं होतं. त्या शब्दावर मी आडवी रेघ मारली आणि खाली सही केली.